दाढ काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात काय भरायचं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत दाढ काढून दवाखान्याबाहेर पडलात की हातात एक कागद मिळतो. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. आज थुंकू नका, जोरात चूळ भरू नका. गरम आणि तिखट टाळा. स्ट्रॉने काही पिऊ नका. सिगारेट, तंबाखू, मशेरी बंद. बहुतेक जण तो कागद घडी करून खिशात टाकतात. लोकलमध्ये बसल्यावर तोंडात रक्ताची चव आली की बोळा काढून थुंकून मोकळे होतात. घरी पोचल्यावर कुणीतरी काळजीपोटी शहाळं आणून देतं, आणि त्यात स्ट्रॉ असतेच.

त्या कागदावरच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीसाठी असतात. दाढेच्या जागी गोठलेलं रक्त तिथेच राहावं, एवढ्यासाठी. मी ठाण्यात दातांचा दवाखाना चालवते आणि मला मनापासून वाटतं की रुग्णाला गोळ्यांची नावं समजण्याआधी ही गुठळी समजायला हवी. गेल्या काही वर्षांत ‘हायड्रोजेल’ नावाच्या पदार्थांवर खूप संशोधन होतंय. दाढ काढल्यावर खड्ड्यात भरायचं मऊ, पाणीदार जेल, जे रक्त थांबवेल, जंतू रोखेल, दुखणं कमी करेल आणि हाड भरायला मदत करेल, असं त्याचं वर्णन वाचायला मिळतं. त्यातलं काय खरं, काय अजून प्रयोगशाळेत आहे, हे समजायलाही सुरुवात त्या गुठळीपासूनच करावी लागते.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. आम्ही त्याला सॉकेट म्हणतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि रक्त गोठतं. रक्तात विरघळलेलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन फायब्रिनच्या धाग्यांत बदलतं, आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात लाल पेशी, प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) आणि भरपूर पाणी अडकतं. या गुठळीमुळे रक्त थांबतं, उघडं हाड आणि त्यातल्या नसांची टोकं झाकली जातात. शिवाय प्लेटलेटमधून असे रासायनिक संदेश सुटतात की आजूबाजूच्या पेशी त्या धाग्यांवरून आत सरकू लागतात.

पहिले दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. आठवडाभरात गुठळीची जागा नव्या, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली लालसर ऊती घेऊ लागते. वरून हिरडी मिटायला काही आठवडे लागतात. हाड तळातून आणि कडांकडून वर भरत येतं. सहा ते आठ आठवड्यांत कच्चं हाड दिसू लागतं आणि ते पक्कं व्हायला महिनोन् महिने जातात. म्हणून दहाव्या दिवशी कुणी काळजीने म्हणतं, ‘डॉक्टर, खड्डा तसाच आहे, भाताचं शीत अडकतं,’ तेव्हा बहुतेक वेळा सगळं ठीकच चाललेलं असतं.

गुठळी गेली तर

बिघडतं तेव्हा ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान कळतं. दाढ काढल्यानंतरचं दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते कमी होता होता अचानक वाढलं, कानापर्यंत ठणकू लागलं, तोंडाला घाण वास आला आणि आरशात पाहिल्यावर खड्ड्यात राखाडी, कोरडं हाड दिसलं, तर तो ड्राय सॉकेट. याचं पहिलं वर्णन १८९६ मध्ये क्रॉफर्ड या अमेरिकी दंतवैद्याने केलं. साध्या दाढा काढताना शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

गुठळी ‘पडते’ असं लोक म्हणतात. कधी ती खरोखरच पडते, स्ट्रॉच्या किंवा चूळ भरण्याच्या ओढीने. पण अनेकदा ती जागच्या जागी विरघळते. १९७३ मध्ये बिर्न या डॅनिश संशोधकाने मांडलेली उपपत्ती आजही सर्वाधिक मानली जाते. हाडाला इजा झाली किंवा जंतुसंसर्ग झाला की प्लाझ्मिन नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते फायब्रिनचे धागे वेळेआधीच तोडून टाकतं. गुठळी विरघळवण्याची ही यंत्रणा शरीराला हवीच असते, नाहीतर गुठळ्या कायमच्या राहतील. इथे ती लवकर चालू होते, एवढाच घोटाळा. दाढ काढायला जोर जास्त लागला, हाड कोरावं लागलं, हिरडीला आधीच सूज होती, रुग्ण धूम्रपान करतो, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, या सगळ्यांनी धोका वाढतो.

तंबाखूबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. निकोटिनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि खड्ड्यात पुरेसं रक्त येत नाही. सिगारेट ओढताना तोंडात ओढ निर्माण होते ती वेगळीच. आणि आपल्याकडे मशेरी थेट हिरडीवर घासतात. अनेक आज्या मला सांगतात की दाढ दुखत होती म्हणून मशेरी लावली, बरं वाटलं. क्षणभर बरं वाटतही असेल, पण दाढ काढल्यावरच्या आठवड्यात ती उघड्या जखमेवर लावणं फार महागात पडतं. बाजारात कितीही चांगलं जेल आलं तरी मशेरीपुढे ते टिकेल असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड झिजतं. दाताच्या मुळाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंसाठी हाडाचा एक पातळ थर असतो, आणि दात गेला की त्या थराला कामच उरत नाही. अराउजो आणि लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात हे टप्प्याटप्प्याने दिसलं. गालाकडची बाजू आधीच पातळ असते, त्यामुळे ती जास्त खचते. माणसांमध्ये डेन्मार्कच्या श्रॉप यांच्या २००३ च्या अभ्यासात वर्षभरात जबड्याच्या कडेची रुंदी सुमारे ५० टक्क्यांनी घटली होती आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. नंतर इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायला गेलं की ‘हाड कमी आहे, ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, लागेल’ असं ऐकायला मिळतं, ते यामुळे. आणि ‘पैसे जमले की दिवाळीनंतर बघू’ म्हणेपर्यंत ते पहिले तीन महिने निघून गेलेले असतात.

आज आम्ही काय वापरतो

बहुतेकांना फक्त गॉजचा बोळा आणि नीट दाब लागतो, आणि ते पुरेसं असतं. हे मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणी आपल्या डॉक्टरांकडे जेलचा आग्रह धरू नये.

रक्त थांबत नसेल तर जिलेटिनचा स्पंज खड्ड्यात ठेवतात. तो रक्त शोषून फुगतो आणि काही आठवड्यांत विरघळतो. कोलॅजेनचा तुकडा त्याहून लवकर, साधारण दोन आठवड्यांत जातो. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी रक्त छान थांबवते, पण ती आम्लधर्मी असते, त्यामुळे नसेजवळ जपून वापरावी लागते आणि तशीच आत ठेवली तर हाड भरायला उशीर होऊ शकतो. ड्राय सॉकेट झालाच तर खड्डा सलाईनने हलक्या हाताने धुऊन त्यात युजेनॉलची, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाची पट्टी ठेवतात. दुखणं तासाभरात उतरतं. रात्रभर न झोपलेला माणूस खुर्चीतून उठताना ‘आता सुटलो’ म्हणतो, ते या पट्टीमुळे. पण युजेनॉल पेशींना फारसं मानवत नाही. दुखणं शमतं आणि जखम भरण्याचा वेग मात्र वाढत नाही. आणि घरी लवंगेचं तेल कापसावर घेऊन उघड्या खड्ड्यात खुपसू नका, त्याने हिरडी भाजते.

ड्राय सॉकेट होऊ नये म्हणून क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं ०.२ टक्क्यांचं जेल खड्ड्यात लावणं, किंवा दाढ काढण्याआधी आणि नंतर त्या औषधाच्या गुळण्या, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने अनेक चाचण्या एकत्र तपासून हाच निष्कर्ष काढला. स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. नवीन पदार्थाची तुलना नुसत्या रिकाम्या खड्ड्याशी न करता या साध्या उपायाशी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडच्या दवाखान्यांत हे नाव खूप ऐकू येतं. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. रुग्णाच्याच हातातून थोडं रक्त काढायचं, त्यात रक्त पातळ ठेवणारं काही न घालता नळी लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायची. नळीत मधोमध पिवळसर, मऊ, लवचिक थर मिळतो. तो फायब्रिनचा असतो आणि त्यात प्लेटलेट दाटीने भरलेल्या असतात. तो खड्ड्यात ठेवून वरून टाका घालायचा. स्वतःचंच रक्त, त्यामुळे ॲलर्जीचा प्रश्न नाही. अक्कलदाढेनंतर दुखणं आणि ड्राय सॉकेट कमी झाल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. हाड जास्त भरतं का, याचं उत्तर मात्र चाचणीगणिक बदलतं.

हा पिवळसर थर बोटांत धरून पाहिला की हायड्रोजेल काय असतं ते कळतं. कारण तो हायड्रोजेलच आहे.

पाणी धरून ठेवणारं जाळं

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की थोड्या वेळात त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. बियाच्या सालीतल्या लांबच लांब शर्करेच्या साखळ्या पाणी ओढून घेतात, फुगतात, पण विरघळून जात नाहीत. हायड्रोजेल याच तत्त्वाचं. पाण्याची ओढ असलेल्या लांब साखळ्या, त्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडलेल्या, आणि मध्ये पाणी, अनेकदा वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त. किती ठिकाणी जोड आहेत यावर जेल घट्ट की सैल, किती दिवस टिकणार, त्यातून औषध किती हळू बाहेर पडणार, हे ठरतं.

वैद्यकासाठी असे पदार्थ वापरावेत ही कल्पना १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. पुढच्याच वर्षी नाताळात विख्तर्ले यांनी घरी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याच्या भागांपासून यंत्र बनवून पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. आज डोळ्यात मऊ लेन्स घालणारा प्रत्येक जण हायड्रोजेल वापरतो. दातांच्या दवाखान्यातही ते जुनंच आहे. कवळीसाठी माप घेताना ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात ते गार, रबरासारखं घट्ट होणारं मिश्रण अल्जिनेटचं असतं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढलेल्या या साखळ्यांना कॅल्शियम भेटलं की त्या एकमेकींना धरतात आणि दोन-तीन मिनिटांत घट्ट जेल होतं.

खड्ड्यासाठी हाच गुण कामाचा आहे. दाढेचा खड्डा प्रत्येकाचा वेगळा, वेडावाकडा, दोन-तीन मुळांच्या फांद्या असलेला. स्पंजचा तयार तुकडा कापून त्यात बसवला तरी कोपरे रिकामे राहतात. जेल मात्र सिरिंजने द्रव रूपात सोडता येतं, ते कानाकोपऱ्यात पसरतं आणि मग जागेवर घट्ट होतं. घट्ट करण्याच्या अनेक युक्त्या आहेत. पोलोक्झॅमर नावाचा पदार्थ फ्रिजमध्ये पातळ असतो आणि शरीराच्या उष्णतेने जमतो. अल्जिनेटला कॅल्शियम लागतं. काही जेलचे दोन भाग वेगवेगळ्या नळ्यांत असतात, सिरिंजच्या टोकाशी मिसळतात आणि काही सेकंदांत बांधले जातात. जेलएमए हे जिलेटिनचंच थोडं बदललेलं रूप आहे, त्यात योग्य रसायन मिसळलं की ते प्रकाशाने घट्ट होतं. दातांत सिमेंट भरताना आम्ही निळा दिवा दाखवतो, तो तुम्ही पाहिला असेल. प्रकाशाने पदार्थ कडक करणं दंतवैद्यांच्या हाताला सवयीचं आहे, म्हणूनही या प्रकारावर बरंच काम होतंय.

नैसर्गिक साखळ्यांमध्ये मला सगळ्यांत रस वाटतो तो कायटोसानमध्ये. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून ते बनतं. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात कोळंबी सोलून झाल्यावर जो टरफलांचा ढीग उरतो, त्यातच त्याचा कच्चा माल असतो. कवचातलं कायटिन रासायनिक प्रक्रियेने बदललं की कायटोसान मिळतं. त्याच्या साखळ्यांवर धन विद्युतभार असतो आणि लाल पेशींच्या आवरणावर ऋण. दोन्ही एकमेकांकडे ओढले जातात आणि गुठळी तयार होते. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या साखळीवर ही क्रिया फारशी अवलंबून नसते, आणि हेच फार मोलाचं आहे. वॉर्फरिन किंवा दुसरं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या माणसाची ती नेहमीची साखळीच मंदावलेली असते. अमेरिकी सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात जखमांवर कायटोसानच्या पट्ट्या वापरल्या, पुढे त्यांचं छोटं रूप दातांसाठी आलं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या दाढा काढल्यावर रक्त लवकर थांबल्याचं चाचण्यांत दिसलं. कायटोसान अनेक जंतूंची वाढही रोखतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

हायलुरोनिक ॲसिड आपल्या शरीरातच असतं, सांध्यांत, त्वचेत, हिरडीतही. त्याचं तोंडात लावायचं जेल आजही मिळतं आणि अक्कलदाढेनंतर दुखणं-सूज कमी झाल्याचं काही लहान चाचण्यांत आढळलं आहे.

वेळेचं गणित

नुसतं घट्ट होणारं जेल मिळालं म्हणून काम संपत नाही. खड्ड्याची गरज दिवसागणिक बदलते. पहिल्या तासात रक्त थांबवायचं, पहिल्या आठवड्यात जंतू आणि दाह आवरायचा, दुसऱ्या आठवड्यापासून रक्तवाहिन्यांना आत येऊ द्यायचं आणि पुढे हाडासाठी जागा मोकळी करायची. आजवरची साधनं यातलं एखादंच काम करतात. हायड्रोजेलकडून अपेक्षा आहे ती या क्रमाची. वरच्या थरात जंतुनाशक, ते लवकर सुटेल. आतल्या थरात हाडाला चालना देणारा घटक, तो हळूहळू सुटेल. काही जेल अशी बनवली जातात की जंतुसंसर्गामुळे भोवतालची आम्लता वाढली, किंवा दाहाच्या वेळी सुटणारी विकरं आली, की तेव्हाच औषध सोडतात. संसर्ग नसेल तर औषध आतच राहतं.

या दाव्यांकडे मी आशेने पाहते आणि तितक्याच बारकाईने तपासतेही, कारण तोंड ही फार कठीण जागा आहे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ, शेकडो जातींचे जंतू, जिभेचा सततचा चाळा, सकाळचा कडक चहा आणि चार दिवस धीर धरून पाचव्या दिवशी मामलेदारची मिसळ. पोलोक्झॅमरचं साधं जेल एवढ्या ओलाव्यात फार काळ टिकत नाही. ओल्या, रक्ताने माखलेल्या हिरडीला काही चिकटवणं हेच अवघड. समुद्रात लाटांचा मारा खात खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनात कॅटेकॉल नावाचा रासायनिक गट असतो, तो ओल्या पृष्ठभागालाही चिकटतो. तोच गट जेलच्या साखळ्यांना जोडण्याचे बरेच प्रयोग झालेत आणि ते मला योग्य दिशेने जाणारे वाटतात.

याच्या उलट टोकाचा प्रश्न जेल जास्त टिकण्याचा. महिनोन् महिने खड्ड्यात बसून राहिलेलं जेल हाडाची वाट अडवतं. आपल्या फायब्रिनच्या गुठळीकडे पाहा. ती घट्ट आहे, चिकटते, पेशींना वाट देते आणि काम झालं की हळूहळू निघून जाते. ड्राय सॉकेटमध्ये ती लवकर जाते म्हणून त्रास. संशोधकांना जे बनवायचं आहे ते जवळजवळ हेच: प्लाझ्मिनच्या माऱ्यात आठवडाभर तग धरेल आणि नंतर वेळेवर जागा सोडेल अशी गुठळी. हाड बनवायचं काम शेवटी शरीराच्याच पेशी करणार. जेलने त्यांना वेळ आणि जागा मिळवून द्यायची.

हाड वाढवणारे घटक घालण्याचा मोह मोठा आहे. बीएमपी-२ हे प्रथिन हाड बनवायला खरोखर चालना देतं. कोलॅजेनच्या स्पंजमध्ये भिजवून ते दाढेच्या खड्ड्याजवळचं हाड वाढवण्यासाठी वापरायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये परवानगी दिली. पण स्पंज ते फार वेळ धरून ठेवत नाही. सुरुवातीलाच बरंच बाहेर पडतं, म्हणून मात्रा मोठी ठेवावी लागते, आणि मोठ्या मात्रेने चेहऱ्यावर बरीच सूज येते. शिवाय ते महाग आहे. तेच प्रथिन थोड्या मात्रेत, आठवडाभर हळूहळू सोडणारं जेल मिळालं तर हा प्रश्न सुटू शकतो. हायड्रोजेलच्या कामात मला सगळ्यांत जास्त अर्थ वाटतो तो इथे.

पण खड्ड्यासाठीच्या नव्या जेलचे बहुतेक प्रयोग आजही प्रयोगशाळेतल्या पेशींवर, उंदरांवर आणि सशांवर झालेले आहेत. उंदराच्या दाढेचा खड्डा माणसाच्या खड्ड्यापेक्षा लवकर भरतो. त्याला मधुमेह नसतो, असला तर मुद्दाम केलेला असतो, आणि तो मशेरी लावत नाही. प्राण्यांमधला चांगला निकाल ही सुरुवात आहे, तिला उपचार म्हणता येत नाही. भारतात अशा वस्तू २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. त्यात धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत आणि शरीरात विरघळून जाणाऱ्या वस्तू वरच्या जोखमीच्या वर्गांत मोडतात. म्हणून कुणी ‘नवीन जेल आलंय, हाड पूर्ण वाचेल’ म्हणालं, तर पाकीट पाहायला मागा. त्यावर परवान्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का ते बघा. आणि विचारा की माझ्या बाबतीत साधा बोळा आणि टाका का पुरणार नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

खर्च करण्यात अर्थ कुठे आहे? पुढचा दात असेल आणि तिथे इम्प्लांट करायचं ठरलेलं असेल, तर हाड वाचवण्याचा विचार दात काढण्याआधीच करायला हवा. हाडात अडकलेली खालची अक्कलदाढ असेल आणि आधी एकदा ड्राय सॉकेट झालेला असेल, तर क्लोरहेक्सिडीनचं जेल किंवा पीआरएफबद्दल जरूर विचारा. हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू असेल तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्तस्राव खड्ड्यात थांबवता येतो. गोळी बंद करून आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात तसा थांबवता येत नाही. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर आणा, कारण वाढलेल्या साखरेत कुठलंही जेल अपुरं पडतं. आणि दाढ काढल्यावर ताप आला, गिळायला त्रास झाला, तोंड उघडेना किंवा हनुवटीखाली सूज चढली, तर ड्राय सॉकेट समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांना खड्डा भरण्यासाठी सर्वांत जास्त मदत लागते, ते लोक मात्र या चाचण्यांमध्ये सहसा घेतले जात नाहीत. हाडं ठिसूळ झाल्यामुळे किंवा कर्करोग हाडात पसरल्यामुळे झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधं घेणारे रुग्ण हे त्यातले एक. २००३ मध्ये अमेरिकेचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी दाखवून दिलं की झोलेड्रॉनिक ॲसिडसारख्या औषधांनंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून मरू शकतं. पुढे डेनोसुमॅबच्या बाबतीतही तेच दिसलं. कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत हा धोका बराच जास्त, हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत कमी. दुसरे म्हणजे तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर रेडिएशन घेतलेले रुग्ण. तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे ते फार आहेत. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, तिथे आणि परळला उपचार घेऊन लोक ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत घरी परततात आणि काही वर्षांनी दाढ दुखू लागली की जवळच्या दवाखान्याची पायरी चढतात. रेडिएशनने त्या भागातल्या रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात, म्हणून खड्ड्यात गुठळी नीट धरत नाही आणि हाड भरत नाही. यासाठीच खराब दात रेडिएशन सुरू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी काढून घेतात.

नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी, प्राणवायू सोडणारी जेल या रुग्णांसाठीही बनवली जात आहेत, पण अजून ती बहुतांशी प्राण्यांवरच्या प्रयोगांतच आहेत. तोवर खुर्चीत बसल्यावर ‘फक्त दाढ काढायची आहे’ एवढंच सांगू नका. कुठलं इंजेक्शन, कुठल्या साली, किती वेळा घेतलं, रेडिएशन जबड्याच्या कुठल्या बाजूला झालं, हे सांगा आणि त्या उपचाराची जुनी फाईल बरोबर घेऊन या. ती पाहून कधी कधी आम्ही दाढ न काढता तिची मुळं साफ करून आत तशीच ठेवायचं ठरवतो, म्हणजे खड्डाच पडत नाही.